‘अ‍ॅट ऑल’ न म्हणणारी माणसं

या अंकाच्या संपादकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, "मॅडम, तुमचा लेख आम्ही अगदी शंभर टक्के घेणार, काही झालं तरी घेणार." मी लगेच सावध झाले. नुसतं "घेणार" म्हणाले असते तर त्याच दुपारी लिहायला बसले असते. एका शब्दाला एवढे टेकू लावावे लागतात म्हणजे भिंत कुठेतरी खचलीय, अशी माझी पक्की समजूत. म्हणून पंधरा दिवस कागदाला हात लावला नाही. लेख छापून आला असेल आणि तुम्ही तो वाचत असाल, तर संपादकांची इथेच माफी मागते.

हा संशयीपणा नोकरीने दिला, असं मी लोकांना सांगते. माझा नवरा म्हणतो, तो आधीपासून होताच, कंपनीने त्याला फक्त पगार सुरू केला.

नोकरी अंधेरीला, पूर्वेकडच्या एका काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर बनवणाऱ्या एका कंपनीचं तक्रार केंद्र तिथे होतं. तुमचा फ्रिज बिघडला की तुम्ही एक नंबर फिरवता, बराच वेळ गाणं ऐकता आणि मग एखादी मुलगी गोड आवाजात तुमचं नाव विचारते. ती मुलगी म्हणजे मी नव्हे. मी तिच्या पाठीमागच्या खोलीत. ‘हा कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड केला जाऊ शकतो’ असं जे तुम्हाला सांगतात ना, त्यातली गुणवत्ता म्हणजे मी. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून निवडक कॉल ऐकायचे आणि शंभरपैकी गुण द्यायचे. सतरा वर्षं मी हेच केलं. कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी सहसा कोणी बसत नसे.

बाहेरच्या माणसाला हे काम समजायचं तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. इंग्रजीत साध्या वाक्याला जोर आणायची फार सोपी सोय आहे. वाक्य आहे तसं ठेवायचं आणि मागे किंवा पुढे एक छोटा तुकडा चिकटवायचा. ‘इट इज नॉट वर्किंग’ म्हणजे चालत नाही. त्याला ‘अ‍ॅट ऑल’ जोडलं की अजिबातच चालत नाही. ‘आय विल सेंड समवन’ म्हणजे माणूस पाठवते. त्यात ‘मोस्ट डेफिनेटली’ घालून शेवटी ‘विदाऊट फेल’ लावलं की ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस जिना चढतोच आहे. आपणही ‘मुळीच’, ‘अगदी’, ‘हमखास’ म्हणतो, पण आपलं बरंचसं काम आवाज चढवून भागतं. फोनवरच्या मुलांना आवाज चढवायची परवानगी नव्हती. त्यामुळे सगळा भार या तुकड्यांवर. आमच्या गुणपत्रिकेत त्यासाठी वेगळा रकानाच होता, आश्वासनाचा, वीस गुणांचा. ‘ओके सर’ म्हटलं तर शून्य, ‘शुअर सर’ला दहा आणि ‘अ‍ॅब्सोल्यूटली सर, विदाऊट फेल’ला पूर्ण वीस.

मी ते वीस गुण देत असे आणि मनात त्या मुलावर फुली मारत असे. कारण ‘विदाऊट फेल’ म्हणणाऱ्यांची जी तक्रार मी पुढे शोधायला जाई, ती बऱ्याचदा नोंदलेलीच नसे.

गिऱ्हाइकांचंही तेच. घाटकोपरचे एक गृहस्थ होते. त्यांचं वॉशिंग मशीन महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडलं होतं. "आम्ही ते अ‍ॅब्सोल्यूटली फक्त घरच्या कपड्यांसाठी वापरतो, नेव्हर एव्हर फॉर एनिथिंग एल्स, अंडर एनी सर्कम्स्टन्सेस," असं त्यांनी एका दमात सांगितलं. दुसरं काही धुता का, असं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मी कॉल थांबवला आणि मेकॅनिकला निरोप दिला, पाईप उघडून बघ. पाईपात बटाट्याची सालं निघाली. गृहस्थ लग्नात जेवणं पुरवत होते आणि मशीनमध्ये बटाटे धूत होते. वीस-वीस किलो, तेही थंड पाण्याच्या नाजूक कपड्यांच्या बटणावर.

त्यानंतर ऑफिसात माझं नाव झालं. मी एक वही केली. कॉल ऐकताना असा प्रत्येक जोराचा तुकडा आला की एक रेघ. चारच्या वर रेघा गेल्या की हा माणूस काहीतरी लपवतोय असं धरून चालायचं. पुष्कळदा ते खरं निघे, आणि खरं निघालं नाही की मला वाटे, फारच हुशारीने लपवलेलं दिसतंय.

हे घरीही आलं. एकदा नवरा दवाखान्यातून येऊन म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, आता गोळीची काही म्हणजे काहीही गरज नाही." मी चप्पल घालून तशीच डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले होते, अर्धी घ्या. त्या दिवसापासून नवरा माझ्याशी फार मोजकं बोलतो. मला ते बरं वाटतं आणि थोडं वाईटही वाटतं.

हर्षदा आली तेव्हा माझ्या निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. खारदांड्याची कोळ्यांची मुलगी. आई तिथल्याच बाजारात मासळी विकायची. मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी क्लास लावून कमावलेलं. सहा महिने उमेदवारी, त्यानंतर कायम करायचं की नाही ते ठरणार. ते ठरणार माझ्या गुणांवर.

पहिले कॉल ऐकले तेव्हा वाटलं, ही टिकत नाही. तिच्या बोलण्यात जोर म्हणून नव्हताच. गिऱ्हाईक विचारी, "उद्या माणूस येईल ना?" आमच्या शिकवणीप्रमाणे उत्तर ठरलेलं, ‘अ‍ॅब्सोल्यूटली’. हर्षदा म्हणायची, "उद्या नाही येणार. गुरुवारी येईल. फ्रिजमध्ये काय काय आहे?" मग दूध आहे, मटण आहे, असं काही कळलं की म्हणायची, "मटण शेजारी ठेवा. दूध आज तापवून घ्या. बर्फाची लादी मिळाली तर गोणपाटात गुंडाळून ठेवा, दोन दिवस टिकेल." एकदा तर तिने कोणाला तरी सुरमई किती वेळ राहते ते मिनिटभर समजावलं. आश्वासनाच्या रकान्यात शून्य.

पण मला खटकलं ते वेगळंच. तिची गिऱ्हाइकं पुन्हा फोन करत नसत. आमच्याकडे एका तक्रारीला तीन-तीन वेळा फोन येत, पहिल्यात विनंती, दुसऱ्यात राग, तिसऱ्यात वकिलाचं नाव. हिच्या माणसांचा दुसरा फोन जवळजवळ नसेच. दुसरा कोणी असता तर त्याने शाबासकी दिली असती. मी म्हटलं, काहीतरी गडबड आहे. परस्पर आपला नंबर देत असेल, किंवा काम न होताच तक्रार बंद करत असेल. मी तिचे महिनाभराचे सगळे कॉल काढले आणि ऐकायला बसले.

आणि मला हवं होतं ते सापडलं.

कॉल संपला की मुलांनी दोन ओळींचा इंग्रजी शेरा लिहायचा असतो. तो शेरा वाचून मेकॅनिक कुणाकडे आधी जायचं ते ठरतं. ‘नॉट वर्किंग अ‍ॅट ऑल’, ‘मोस्ट अर्जंट’ असं दिसलं की आज, नुसतं ‘नॉट वर्किंग’ असेल तर चार दिवसांनी. शेऱ्यात गिऱ्हाईक जे बोललं तेच लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, हा सगळ्यात कडक नियम. तो मोडला तर तो कॉल ‘फेटल’, म्हणजे सरळ शून्य. असे तीन झाले की माणूस कायम होत नाही.

हर्षदाचे सात कॉल असे निघाले. गिऱ्हाईक मराठीत किंवा हिंदीत दोन साधी वाक्यं बोललेलं आणि हिच्या शेऱ्यात, ‘फ्रिज नॉट वर्किंग अ‍ॅट ऑल, मोस्ट अर्जंट, प्लीज अटेंड विदाऊट फेल’. जी मुलगी फोनवर एक ‘शुअर’ म्हणत नव्हती, ती लिहिताना एवढा जोर लावत होती. मी पत्ते बघितले. एक माहुल, एक मढ, एक खारदांडा. सगळे कोळीवाडे. म्हटलं, सापडली. आपल्या लोकांची कामं आधी लावून देतेय.

मी तिला खोलीत बोलावलं. माहुलच्या बाईंचा कॉल लावला. बाई म्हणत होत्या, "फ्रिज बंद हाय. बरफ होत नाय." मग तिने पत्ता लिहून घेतला आणि संपलं.

"या बाई ‘अ‍ॅट ऑल’ म्हणाल्या का?" मी विचारलं.

"नाही."

"‘अर्जंट’ म्हणाल्या?"

"नाही म्हणाल्या."

"मग तू का लिहिलंस?"

"कारण ते अर्जंट होतं, मॅडम."

"ते तुला कसं कळलं?"

"बाई बोलल्या ना, बर्फ होत नाही. बाजारात बसणारी आहे, मागे आवाज येतोय ऐका. तिचा बर्फ होत नाही म्हटल्यावर अजून काय बोलायचं तिने?"

"ओळखीची आहे तुझ्या?"

"माहुलला माझं कोणी नाही."

"खारदांड्याचाही पत्ता आहे यात."

"आहे. आमच्या गल्लीच्या मागचं घर. पण त्यांचं-आमचं बोलणं नाही, दोन वर्षं झाली."

मी कागदावर लिहिलं, ‘गिऱ्हाईक आपल्याच वस्तीतलं असल्याचं मान्य केलं’. बोलणं नाही, हे लिहिलं नाही. मला ते पटलंच नव्हतं. एवढ्या शांतपणे उत्तरं देतेय म्हणजे घरून तयारी करून आलेली आहे, असं मला वाटत होतं.

"मॅडम, एक बोलू? जी माणसं ‘अ‍ॅट ऑल’ बोलतात, त्यांच्याकडे मेकॅनिक आज जातो. ही माणसं बंद आहे म्हणजे बंद आहे एवढंच बोलतात. त्यांच्याकडे तो कधी जाणार? त्यांनी पण क्लास लावायचा का, फ्रिजची कंप्लेंट करायला?"

ते मला उद्धटपणाचं वाटलं. सतरा वर्षांत माझ्यासमोर असं कोणी बोललं नव्हतं. मी म्हटलं, "ठीक आहे, जा तू." आणि तीन कॉल फेटल करून मनोजकडे पाठवून दिले. मनोज आमचा मॅनेजर, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि माझ्या वहीवर त्याचा फार विश्वास. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा निर्णय व्हायचा होता.

दुपारी मी मेकॅनिकांचे अहवाल मागवले. तिच्या बाजूने काही बघावं म्हणून नव्हे, माझी बाजू आणखी भक्कम करावी म्हणून. त्या सात घरी जाऊन काय दिसलं, ते प्रत्येक अहवालात लिहिलेलं होतं. कॉम्प्रेसर गेलेला. गॅस संपलेला. कॉम्प्रेसर गेलेला. सातही फ्रिज पूर्ण बंद. एकानेही वाढवून सांगितलं नव्हतं.

मग मी उरलेले चार पत्ते वाचले. ते माझ्यासमोर सकाळपासून होते. एक घाटकोपरच्या डोंगरावरचा शिंपी. दोन बोरिवलीचे, अगदी माझ्या घराच्या जवळपासचे. चौथे मुलुंडचे म्हातारे गृहस्थ. त्यांचा कॉल मी पुन्हा लावला. ते म्हणत होते, "फ्रिज बंद पडलाय. त्यात माझ्या बायकोचं इन्सुलिन आहे. सवडीने पाठवा कुणाला." आवाजात काही नव्हतं, दूध घालायला सांगावं तसं बोलत होते. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे एकही रेघ नव्हती. हर्षदाने ‘मोस्ट अर्जंट’ लिहिलं म्हणून माणूस त्याच संध्याकाळी पोचला होता. तिने नियम पाळला असता तर चार दिवस.

कोळी नसलेले चार पत्ते मला दिसले नव्हते, कारण मी ते बघत नव्हते.

मनोज निघून गेला होता, म्हणून मी त्याला मेल लिहिली. बराच वेळ लिहिली. आत्तापर्यंत किती जणांच्या वाक्यांत मी खोट काढली असेन, पण आपल्याबद्दल लिहायला बसल्यावर हात चालेना. शेवटी इंग्रजीत जे लिहिलं त्याचा मराठीत अर्थ असा होतो: ‘सदर मुलीच्या बाबतीत काही अंशी, कदाचित, माझ्याकडून किंचित घाई झाली असण्याची शक्यता आहे. योग्य वाटल्यास विचार व्हावा.’ इंग्रजीत जोर आणायला जसे तुकडे असतात, तसे जोर काढून घ्यायलाही असतात. माझ्या वहीत त्यांची रेघ कधी मारली नव्हती. मेल पाठवून मी घरी गेले आणि आपण फार मोठ्या मनाने वागलो असं वाटून निवांत झोपले.

सकाळी दहाला हर्षदाच्या हातात पत्र पडलं. ती पिशवी भरून निघून गेली, माझ्या खोलीवरून गेली पण आत बघितलं नाही. मी मनोजकडे धावले.

"माझी मेल वाचली नाहीस?"

"वाचली ना मॅडम. खूप छान वाटलं. तुम्हाला पोरीचं वाईट वाटलं म्हणून लिहिलंत, कळलं मला." तो हसला. "तुमचं खरंच चुकलं असतं तर तुम्ही तसं लिहिलं असतं ना. मी ओळखतो तुम्हाला."

तेव्हा मला बोलता आलं असतं. समोर माणूस बसलेला, कागद अजून टेबलावर, मुलगी लिफ्टपाशी उभी असेल. मी म्हटलं, "बरं." एवढंच. भ्याले मी. सहा महिन्यांनी निरोप समारंभ व्हायचा होता, भाषणात माझ्या कानांचं कौतुक होणार होतं, आणि ते झालंसुद्धा.

निवृत्त झाल्यावर मी खारदांड्याला गेले. सहज तिकडे गेले आणि भेट झाली, असं लिहायचा मोह होतोय, पण मी मुद्दाम गेले, विचारत विचारत गेले. हर्षदा बाजारात आईशेजारी बसून कोळंबी निवडत होती. मला बघून तिने हात थांबवला नाही.

"ही कोन ग?" आईने विचारलं.

"ऑफिसातल्या मॅडम. त्या फोन ऐकायच्या त्या."

मी म्हटलं, मला बोलायचंय. तिने शेजारची पालथी टोपली पुढे सरकवली. मी बसले आणि सगळं सांगितलं, अहवाल, मुलुंडचे म्हातारे, मेल. तिने विचारलं, "मेलमध्ये नक्की काय लिहिलं?" माझ्या तोंडपाठ होतं. मी म्हणून दाखवलं. हर्षदा आईकडे वळली. "आये, मॅडमनी लिहिलं, थोडीशी, कदाचित, घाई झाली असेल."

आईने कोयता बाजूला ठेवला. "मंग चूक झाली का नाय?"

"झाली," मी म्हटलं.

"कोनाची?"

"माझी."

"मंग तवराच लिवायचा व्हता, बाय."

आजूबाजूच्या बायका भाव सांगत होत्या, पाणी मारत होत्या. हर्षदा कोळंबी निवडतच म्हणाली, "मॅडम, तीन ठिकाणी इंटरव्ह्यूत पास झाले. नंतर ते जुन्या कंपनीत विचारतात. तिथून सांगतात, शेऱ्यात खोटं लिहायची. मग फोन येत नाही. चौथा परवा आहे. तुम्ही लिहून देता का?"

मी पर्समधून कागद काढला. सवयीने सुरुवात केली, ‘आय मोस्ट सिन्सिअरली अँड होलहार्टेडली’. ती खांद्यावरून वाचत होती.

"ते नको," ती म्हणाली. "त्याच्याने ते अजून डाऊट घेतील. तुम्ही पण घेतला असता."

मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. चार वाक्यं झाली. सातही तक्रारी खऱ्या होत्या. हर्षदाने काही लपवलं नाही. मी न तपासता तिच्याविरुद्ध लिहिलं. चूक माझी होती. खाली नाव, हुद्दा, फोन नंबर आणि सही. कागदाच्या कोपऱ्याला कोळंबीचं पाणी लागलं, मी पुन्हा लिहून देते म्हटलं, तर ती म्हणाली राहू दे, आणि त्याची घडी घालून पोलक्यात ठेवली.

"याच्यावर होईल ना गं तुझं काम?" मी विचारलं.

"माहीत नाही," हर्षदा म्हणाली, आणि समोर आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळली.